मारबेड

४ सप्टेंबर, सकाळी ७
आजपासून मांसाहार बंद. कायमचा. कारण नैतिक. काल डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट बघून मटण सोडा म्हणून सांगितलं, हा निव्वळ योगायोग. माझं मन त्याआधीच, म्हणजे रिपोर्ट आणायला जाताना रिक्षातच तयार झालं होतं. प्राण्यालाही जगायचं असतं. हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं याची खंत आहे. बाकीच्यांना तेही कळलेलं नाही, याचं समाधान आहे.
ठराव: या विषयावर पुस्तक लिहायचं. रोज दोन पानं.

७ सप्टेंबर
निवृत्त होऊन पुण्याहून म्हैसूरला आलो त्याला आज तीन महिने झाले. लष्कर मोहल्ल्यात वरचा मजला मिळाला आणि घरमालक मराठी मिळाले. येसाजीरावांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते. मराठी बोलतात, पण निम्मी कानडी. मी दुरुस्त करत असतो. अजून कुणी आभार मानलेले नाहीत.
माझी कानडी मात्र झपाट्याने पुढे चालली आहे. वेगळी वही केली आहे. 'बेड' म्हणजे नको. होगबेड, जाऊ नको. माडबेड, करू नको. हा बेड हाताशी आला की निम्मी भाषा खिशात. उरलेले शब्द मराठीच, थोडे वाकवलेले.
दूधवाली रोज दाराशी 'हालु, हालु' करते. बिचारीचे खरंच हाल असणार. आज तिला जुनी चादर दिली.

८ सप्टेंबर
येसाजीरावांची मुलगी वनजा कॉलेजात शिकवते. ती म्हणाली, हालु म्हणजे दूध. चादर आता परत मागता येत नाही. वहीत नोंद केली: 'अपवाद'.

११ सप्टेंबर
मागच्या अंगणात काळा बोकड आहे. नाव गुंडू. येसाजीरावांची विधवा बहीण गोदावरीबाई, तिने वाढवलेला. आई जन्मतःच मेली, तेव्हा बाईंनी बाटलीने दूध पाजलं. म्हणाल्या, "बेड म्हटलं तरी मागं येतो, साहेब. देवघराच्या उंबऱ्यापर्यंत येतो, आणि थांबतो. शाणा आहे." बोलताना त्याच्या कानामागे खाजवत होत्या.
मग कळलं की खंडेनवमीला घरातल्या जुन्या तलवारीची पूजा असते आणि तिला बोकडाच्या रक्ताचा टिळा लागतो. यंदा गुंडू.
मी हादरलो. पुस्तकाला प्रकरण मिळालं.

१२ सप्टेंबर
येसाजीरावांशी चर्चा. मी पाऊण तास बोललो. ते म्हणाले, "तुमचं सगळं खरं, साहेब. पण कत्ती आहे, तिला रक्त लागतंच की. आमच्या तातांच्या काळापासनं चालत आलेलं. सुम्ने कशाला वाद?" सुम्ने म्हणजे उगाच, कत्ती म्हणजे तलवार. मी त्यांना मराठी शब्द सांगितले. तेव्हापासून जिन्यात भेटले की घाईत असतात.
ठराव: गुंडूला मी वाचवणार. हा शब्द स्वतःला दिला आहे.

१६ सप्टेंबर
पुस्तकाची सुरुवात झाली. 'माणसाला मारण्याचा अधिकार कुणी दिला?' इथवर लिहिलं. सकाळी पाहतो तो अधिकारापासून पुढचा कागद उंदराने कुरतडलेला. पिंजरा आणला.

१७ सप्टेंबर
उंदीर सापडला. पिंजऱ्यासकट बादलीत बुडवला. चार मिनिटं लागली. घड्याळ लावलं होतं. उंदीर उपद्रव या सदरात मोडतो, त्याला 'प्राणी' या प्रकरणात घेणार नाही. गोदावरीबाई जिन्यातून बघत होत्या. मग आत निघून गेल्या. पटलं असावं.

२० सप्टेंबर
आणखी दोन. दुसरा फार ओरडला. कानात कापूस घातला.

२४ सप्टेंबर, दुपार
'मिलिटरी हॉटेल' अशी पाटी पाहून आत गेलो. वाटलं, माजी सैनिकांची खानावळ, शिस्तीचं शाकाहारी जेवण मिळेल. निघालं मटणाचं. आता बसलोच होतो. फक्त सूप घेतलं. सूप म्हणजे पाणीच. त्यात दोन तुकडे होते, ते मी मागितले नव्हते. शिवाय बोकड आधीच मेलेला होता. मी न खाल्ल्याने तो उठून चालू लागणार नव्हता. हा मुद्दा पुस्तकात घ्यायचा.

२६ सप्टेंबर
पुन्हा तिथेच. मुद्दा तपासून पाहायला.

२ ऑक्टोबर
गांधी जयंती. गुंडूसाठी उपोषण. खुर्ची टाकून अंगणात बसलो, सकाळी ९ ते ११.१५. सव्वाअकराला येसाजीरावांनी डोसे पाठवले. नाही म्हटलं असतं तर त्यांचं मन दुखावलं असतं, आणि मन दुखावणं हीही हिंसाच. गुंडूने माझ्या कानडीच्या वहीची चार पानं खाल्ली. छडीने दोन ठेवून दिल्या. प्रेमाने.

८ ऑक्टोबर
गोदावरीबाई वर आल्या. मी पुस्तकातलं वाचून दाखवत होतो. मध्येच त्यांनी सांगायला सुरुवात केली. म्हैसूरजवळच्या बैलकुप्प्याचे तिबेटी लामा म्हणे मरणाच्या वाटेवरची जनावरं विकत घेतात आणि सोडून देतात, मग त्यांना कुणी हात लावायचा नाही. भाऊ मोठ्या मुश्किलीने तयार झाला आहे. नवमीच्या सकाळी लामांचा माणूस येऊन गुंडूला घेऊन जाईल, कत्तीपुढे कोहळा कापायचा. पण दहाचा मुहूर्त. दहापर्यंत गुंडू विकला गेला नाही तर भाऊ ऐकणार नाही.
मी म्हटलं, बाई, हे तडजोडीचं राजकारण झालं. विकून प्रश्न सुटत नाही, माणसाचं मन बदललं पाहिजे. त्या म्हणाल्या, "मन बदलू दे सावकाश, साहेब. तोवर गुंडू तरी राहू दे." मुद्दा त्यांना कळला नाही. पुढचं पान वाचलं. डोळे पुसत होत्या. माझं लिखाण लागलं असावं.

१४ ऑक्टोबर
नागराज दिसला. लष्कर मोहल्ल्यातलाच खाटीक, दर नवमीला या घरचं काम तोच करतो, यंदा कोहळा कापायलाही त्यालाच बोलावलंय. धिप्पाड, कमरेला सुरा, कानडीशिवाय एक अक्षर येत नाही. लामांवर माझा विश्वास नाही. ऐन वेळी न आले तर? माझी तयारी हवी.
वाक्य तयार केलं. 'मार' दोन्ही भाषांत एकच असणार, इतका साधा शब्द. त्याला बेड. मारबेड! मारू नको. आरशासमोर पंचवीस वेळा म्हटलं. आवाज भारदस्त येतो.

१५ ऑक्टोबर
वनजाला विचारून आणखी एक वाक्य घेतलं: 'यजमान्रु हेळिद्रु', म्हणजे मालकांनी सांगितलंय. कशाला हवं, असं तिने विचारलं. म्हटलं, अभ्यास.

१६ ऑक्टोबर, खंडेनवमी, सकाळी ९.५०
जिंकलो! लगेच लिहून ठेवतो.
नऊ चाळीसला गॅलरीत उभा होतो. येसाजीराव आत पूजेत. गोदावरीबाई गुंडूला गूळ भरवून, त्याच्या कपाळाला कपाळ लावून विठ्ठलाच्या देवळात गेलेल्या. त्याला जाताना बघवणार नाही म्हणाल्या. मारताना असं म्हणायचं असेल. खाली जीप. पँट-शर्टातला एक इसम. लामा नव्हे, लामा लाल वस्त्रात असतात. आणि नागराज, कमरेला सुरा, गुंडूला दोरीने जीपकडे ओढतोय! कुठेतरी लांब नेऊन काम उरकायचा डाव.
मी गरजलो, "मारबेड!" नागराजने वर पाहिलं. "मारबेड्वा, सार?" "मारबेड! मारबेड!" तो घोटाळला, त्या इसमाकडे बघितलं. मग मी दुसरं वाक्य टाकलं: "यजमान्रु हेळिद्रु!" असत्य होतं, पण अहिंसेसाठी. तो इसम बराच वेळ हात जोडून काहीतरी विनवत होता. नागराजने मान हलवली. शेवटी जीप रिकामी गेली. नागराजने गुंडूला परत अंगणात बांधलं, माझ्याकडे बघून सलाम केला. मीही केला.
एका शब्दाने जीव वाचवला. आता शांतपणे आंघोळ.

११.३०
आंघोळीला उशीर झाला. बाहेर आलो तो अंगण धुतलेलं. तलवारीला टिळा. येसाजीराव पाटावर गंभीर बसलेले. म्हणाले, दहा वाजले, बैलकुप्प्याचा माणूस घेतल्याशिवाय परत गेला. आता देवीलाच बोकड हवा असणार, तिच्यापुढे माझं काय चालणार? बैलकुप्प्याला दोनदा फोन केला म्हणाले, उचलला नाही.
नागराजने माझ्याकडे बोट दाखवून त्यांना कानडीत काही सांगितलं. वनजा तिथेच उभी होती. ती माझ्याकडे वळली. मग अगदी हळू म्हणाली, "काका, कानडीत मारु म्हणजे विकणं. मारबेड म्हणजे विकू नको."
तेवढ्यात गोदावरीबाई देवळातून आल्या. हातात प्रसाद, चेहरा हसरा. गेला का नीट, विचारत आल्या. मला खोलीत काम होतं, म्हणून वर आलो. खालून आवाज यायला लागला. रडणं म्हणता येणार नाही. त्या एकच नाव घेत होत्या. कापूस कुठे ठेवला ते सापडेना.

४.००
विचार केला. चूक भाषेची आहे. इतक्या जवळच्या दोन भाषांनी एका शब्दाचे असे अर्थ ठेवूच नयेत. वनजाने आदल्या दिवशी दुसरं वाक्य दिलं, तेव्हा पहिल्याबद्दल विचारायला हवं होतं. नागराजने निदान समजून घ्यायला हवं होतं. वहीत नोंद: मारु, विकणे. कोल्लु, ठार मारणे. 'अपवाद' लिहिलं, मग खोडलं.

१७ ऑक्टोबर, दुपारी १
ताट घेऊन गोदावरीबाई स्वतः वर आल्या. त्या एरवी मटणाला शिवत नाहीत, आज त्यांनीच वाढलं होतं. डोळे सुजलेले. ताट टेबलावर ठेवलं, पुस्तकाच्या कागदांवर. म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं म्हणून घरात राहिला. पैला घास तुमचा, साहेब."
म्हटलं, डॉक्टरांनी मनाई केली आहे. कोलेस्टेरॉल.
"डॉक्टरांनी?" एवढंच म्हणाल्या. आणि उभ्या राहिल्या. बसा म्हटलं, बसल्या नाहीत. जाईनात.
मग खाल्लं. काय करणार? त्या बघत होत्या. शेवटच्या हाडापर्यंत बघत होत्या. मटण कोवळं होतं. रिकामं ताट उचललं, पदराने टेबल पुसलं आणि जिना उतरून गेल्या.
रस्सा अजून थोडा हवा होता. मागितला नाही. हा संयमच म्हणायचा.