बाहुलीचा उजवा हात

निपाणी, मंगळवार, दिवेलागण. १९८४

मागच्या गल्लीत विड्या वळणारी शांताक्का आज माझ्याकडं बाहुली दुरुस्तीला घेऊन आली. बाहुली तिच्या थोरलीची. ती पोर तापानं गेली. आता धाकटी खेळते. उजवा हात खांद्यातून निखळलेला, हाताची सांध्यातली कडा फाटलेली. माझ्या काचेच्या कपाटातल्या एका बाहुलीचा हात तिला बसेल, असं मी म्हटलं खरं. पण जुना हात बाजूला ठेवताना अंगठ्यावर बारीक दातांच्या खुणा दिसल्या. थोरलीच्या. आता हा बदलू कसा?

"आक्का, ह्योच चिकटवू? पण मग हलणार न्हाय."

ती त्या अंगठ्याकडं बघत राहिली. "नको गं. हात हलला न्हाय तर धाकटी तिला झबलं कसं घालंल? दुसरा बसीव."

मग माझ्या बाहुलीचा हात काढला, गरम पाण्यात मऊ केला. दाबताच टक्कन बसला. रंग जरा उजळ आहे. असू दे.

जुना हात तिच्यापुढं धरला. तिनं त्या खुणांवरून बोट फिरवलं आणि मलाच परत दिला.

"तुझ्या बाहुलीला चिकटीव. ती खेळायची न्हाय, तिला हलाय कशाला पायजे? काचंत नीट ऱ्हाईल."

चिकटवला. जाताना दारात थांबून म्हणाली, "मधनंमधनं बघाय येऊ का गं?"

मी कपाट उघडून ती बाहुलीच तिच्या हातात दिली, घरी न्यायला.