थेंबभरही कमी न्हाई

आबा,

काल ऑपरेशनला रक्त फिरवायचं यंत्र पैल्यांदाच मी एकटीनं सांभाळलं. ऑपरेशनसाठी हृदय थांबवावं लागतं. ते थांबावं अन् थांबल्यावर मरू नये म्हणून त्यात बर्फासारखं गार औषध सोडतात. त्यात काय असतं, ठाव हाय का? पोटॅश! तुमी दुष्काळात उसावर फवारायला मागत होता, तेच. त्याच्यावर ऊस पाण्यावाचून तग धरतो, तसं हृदय रक्तावाचून.

पेशंटचं नाव बाहेर सांगायचं नसतं, म्हणून हे पत्र टाकणार न्हाई. पेशंट म्हंजे आपल्या गावच्या खत वाटणाऱ्या सोसायटीचे चेअरमन, विठ्ठलराव! माजलगावचं धरण आटलं त्या साली त्यांनी सगळं पोटॅश आपल्या माणसांत वाटलं, अन् आपला ऊस डोळ्यांदेखत वाळला. काल त्यांना मी दिलं, थेंबभरही कमी न्हाई. मग रक्त सोडलं अन् हृदय आपसूक धडधडाय लागलं. आबा, मी मास्कमध्येच रडले!

आज शुद्धीवर आल्यावर माझी बोली ऐकून त्यांनी विचारलं, "आपल्याकडचीच दिसतीस. कोणाची गं तू?"

मी सगळ्या वार्डाला ऐकू जाईल असं सांगितलं.

आसाराम आबाची,
मंजुळा