कार्डावरचे बाबा

३ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीचा गुडघा आता बरा आहे हे वाचून जिवात जीव आला. इथे माझ्या कॅमेऱ्याने मात्र मान टाकलीय. संग्रहालयाच्या तळघरात उजेड कमी, म्हणून आयएसओ वाढवावा, तर फोटोवर सगळे दाणेच दाणे. परवा साहेबांनी विचारलं, या खापरांना गोवर आलाय का! म्हणून नवी बॉडी घ्यायची म्हणते. पण तिच्यावर माझ्या जुन्या लेन्स बसणार नाहीत म्हणे. स्टुडिओवाला भाऊ असताना दुकानदाराच्या नादी कशाला लागू? काय घेऊ ते सांग. माया आहेच, ती उत्तरातून दिसू दे.

तुझी टिल्लू

११ जानेवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

तुझी गोवरवाली खापरं वाचून वहिनी हसून हसून बेजार. आता ऐक. बॉडी आज ना उद्या जुनी होणारच. लेन्स जन्माची सोबतीण. म्हणून मिररलेस बॉडी मधल्या दर्जाची घे आणि लेन्स उत्तम घे. लांबलचक झूमच्या मोहात पडू नकोस. तो आपल्या मधल्या मामासारखा, सगळ्यात हात घालतो आणि धड एकही काम करत नाही. खापरांसाठी जवळून बारकावे टिपणारी, नव्वदच्या आसपासची मॅक्रो लेन्स घे. जुनी पन्नासची अडॅप्टर लावून चालेल, फोकस तेवढा हाताने करावा लागेल. जुनी बॉडी मला पाठव. मोडीत घालू नकोस. दादावरचा जीव असाच राहू दे.

दादा

२७ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या तोंडात साखर पडो. नव्या मॅक्रोतून काल एका घागरीच्या काठावर कुंभाराच्या बोटाचा ठसा दिसला. त्या बोटावरच्या रेघासुद्धा! जुनी बॉडी पार्सलने पाठवलीय. सोबत छोट्या डबीत एक कार्ड आहे. त्यावर बाबांचे शेवटच्या तीन आठवड्यांतले फोटो आहेत, घड्याळदुरुस्तीच्या बाकावर काम करतानाचे. तुला तेव्हा यायला जमत नव्हतं, म्हणून खरं तर मी तुझ्यासाठीच काढत होते. बाबा गेल्यापासून दोन वर्षांत मला ते कार्ड उघडायचा धीर झालेला नाही. तू उघड, प्रत करून ठेव, आणि कार्ड जपून परत पाठव. एवढं माझ्यासाठी करच.

तुझी टिल्लू

१४ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

वाईट बातमी आहे. कार्ड वाचलंच जात नाही. दोन मशिनवर लावून पाहिलं. दमट हवेने गेलं असावं. शेवटी टाकून दिलं. मनाला लावून घेऊ नकोस. वेळीच प्रत केली असतीस तर बरं झालं असतं, पण आता काय बोलणार. नव्या लेन्सचे फोटो पाठव. कळावे, माया आहेच.

दादा

२२ ऑगस्ट

ती. दादास,

आज संग्रहालयात टपालाने एका छायाचित्र प्रदर्शनाची पुस्तिका आली. मुखपृष्ठावर बाबा. भिंग कपाळावर सरकवलेलं, हातात चिमटा, मान वर केलेली. खाली तुझं नाव. आत तू लिहिलंयस की वडिलांच्या अखेरच्या दिवसांत तू रोज त्यांच्या बाकाशेजारी बसायचास.

साहेब म्हणाले, काय नजर टिपलीय! खाली माझ्या सख्ख्या भावाचं नाव आहे हे त्यांना सांगवेना.

प्रत केली नाही म्हणून पाच महिने मी स्वतःला दूषणं देतेय, आणि तू ती देऊ दिलीस. फोटो घेतलेस हे एक वेळ गिळलं असतं. पण बाकाशेजारची माझी खुर्चीसुद्धा घेतलीस, दादा? तिथे औषधं देत, सांडलेले स्क्रू वेचत कोण बसलं होतं?

कार्ड परत पाठव.

१ सप्टेंबर

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

कार्ड सोबत आहे. ते चांगलंच होतं. माझा जन्म पासपोर्टचे फोटो काढण्यात गेला. असा एकही फोटो माझ्या हातून निघाला नाही. तुझे दोनशे अकरा फोटो पुन्हा पुन्हा पाहिले आणि मी तिथे होतोच असं वाटायला लागलं. आता प्रदर्शनवाल्यांना सांगितलं तर धंद्यात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. वहिनीला यातलं काही माहीत नाही. घरातलं घरात राहू दे. मोठ्या भावाला एवढं एकदा पदरात घे.

दादा

१० सप्टेंबर

ती. दादास,

कार्ड मिळालं. सगळे फोटो पाहिले. मूळ फायली प्रदर्शनवाल्यांना पाठवल्या. कधी काढले, कोणत्या कॅमेऱ्याने काढले, सगळं त्यांत नोंदलेलं असतं, आणि त्या कॅमेऱ्याची पावती माझ्या नावावर आहे. वहिनीला मी कळवलेलं नाही. ते तुझं तू सांग.

मुखपृष्ठावरच्या फोटोबद्दल मात्र तुला सांगायला हवं. त्या दुपारी जिन्यावर पावलं वाजली. बाबांनी घाईघाईने भिंग वर सरकवलं, दाराकडे बघितलं आणि विचारलं, थोरला आला का. तेवढ्यात मी बटण दाबलं. पोस्टमन होता.

ज्या नजरेचं सगळे कौतुक करतायत, ती तुझी वाट बघणारी नजर आहे. तू तिथे असतास, तर तो फोटो निघालाच नसता.

तुझी बहीण