कडी लावलेलं नाणं

जळगाव,
ता. ११ जून १९८९

ती. झुलालमामांच्या चरणी कौतिकचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुम्ही धुळ्याहून पाठवलेलं हत्तीचं नाणं रोज पाहतो. ऑफिसात चुडामण म्हणतो, लोक पैसा कमावतात आणि कौतिकराव पैसा न्याहाळतात. हसू देत. पण "नाण्याआधी पुस्तक घे" एवढं सांगून तुम्ही गप्प बसलात. कोणतं घेऊ? दुकानदारानं पाठवलेली यादी वाचून डोकं चक्रावलं.

माझा मतलब तुम्हाला ठाऊक आहे. मायच्या गळ्यातलं नाणं ओळखायचं आहे. आई गेली तेव्हा मी पाळण्यात होतो. माय दुसरेपणावर आली, तेव्हा रीतीप्रमाणे तिनं वारलेल्या सवतीच्या रूपाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा होता. आबांनी सोनाराकडून टाक घडवला नाही. आईच्या कुंकवाच्या डबीत बाईच्या तोंडाचं जुनं चांदीचं नाणं होतं, त्यालाच कडी लावून दिली. आईचा फोटो नाही. मायच्या मांडीवर बसून मी त्या नाण्यालाच आई म्हणायचो. ती राणी कोण, एवढं कळलं तरी मला पुरे.

मायचा दमा वाढला आहे. एरंडोलच्या डॉक्टरांचं औषध चालू आहे. मामींना नमस्कार. आपली माया आहे तशी राहू द्यावी.

आपला,
कौतिक


धुळे,
ता. २० जून १९८९

चि. कौतिक यास झुलालमामाचे अनेक आशीर्वाद.

पुस्तक घेताना नुसतं वरचं रूप बघून भुलू नकोस. नाण्याच्या दोन्ही बाजू छापल्या आहेत का, वजन दिलं आहे का, ते बघ. चित्रं हातानं काढलेली नकोत, फोटो हवेत. काढणारा माणूस पुसट जागा आपल्या मनानं भरतो. किमती छापलेलं पुस्तक तर नवशिक्यानं घेऊच नये, नजर बिघडते. एकच घराणं धर, सातवाहन. क्षत्रपांचं पुस्तक सध्या नको. ते तुला झेपायचं नाही.

गळ्यातलं नाणं गळ्यातच राहू दे. कडी लावलेलं, घासलेलं नाणं आम्ही संग्रहवाले हिशेबात धरत नाही. सुंदरबाईला सांग, भाऊबीजेला येतोच. शेवंता गेली, पण तिचा टाक गळ्यात घालून आली ती माझी बहीणच झाली.

तब्येतीला जपावे. पत्राची वाट पाहतो.

झुलालमामा


जळगाव,
ता. १४ ऑगस्ट १९८९

ती. मामांना शि. सा. न. वि. वि.

तुम्ही नको म्हणालात म्हणूनच क्षत्रपांचं पुस्तक मागवलं. शनिवारी गावी गेलो आणि मायला नाणं उलटं करायला लावलं. मागे तीन कमानींची टेकडी, वर चंद्रकोर, बाजूला सूर्य. पुस्तकात पानोपानी तेच. आणि पुढच्या बाजूला सगळीकडे राजा, मिशा असलेला. राणी एकही नाही. कानात डूल आणि लांब केस, म्हणून आपल्या लोकांनी बाई ठरवली. आपल्या नाण्यावर ओठांवरची जागा गुळगुळीत आहे, एवढाच फरक.

मामा, तुम्हाला माहीत होतं. मला राग आला आहे, तो लपवत नाही. एवढी वर्षं मी एका राजाला आई म्हणत आलो. मायनं विचारलं तेव्हा राणीच आहे असं सांगितलं. आता तुम्हीच सांगा, तुमची बहीण दिसायला कशी होती?

रागावलो तरी तुमचाच,
कौतिक


धुळे,
ता. २३ ऑगस्ट १९८९

चि. कौतिक यास आशीर्वाद.

रागाव, तुझा हक्क आहे. ते नाणं शेवंताला शेतात निंदताना सापडलं होतं. तो राजा आहे हे मलाही फार मागाहून, तेच पुस्तक घेतलं तेव्हा कळलं. तोवर तू त्याला आई म्हणायला लागला होतास. कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

ती कशी होती विचारतोस. कालपासून कागद पुढे घेऊन बसलो आहे. भरभर चालायची. हसताना पदर तोंडाला लावायची. भाकरी थापताना बांगड्या वर सारायची. एवढं आठवतं, चेहरा येत नाही. डोळे मिटले की मलाही नाण्यावरचाच दिसतो. सख्ख्या बहिणीचं तोंड विसरलो रे, बाबा.

पुस्तकं राहू देत. सुंदरबाईचा एक फोटो काढून घे. पुढच्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, नाहीतर मीच आलो असतो.

झुलालमामा


जळगाव,
ता. २ ऑक्टोबर १९८९

ती. मामांना शि. सा. न. वि. वि.

डोळ्यांची पट्टी सुटल्यावरच हे पत्र द्यावं असं मामींना कळवलं होतं, कारण डॉक्टरांनी तुम्हाला रडायची मनाई केली होती. मामा, माय गेली. गणपती उठले त्या दिवशी, दम्यानंच.

शेवटच्या दुखण्यात तिनं मला जवळ बोलावलं, नाणं काढून हातात दिलं आणि म्हणाली, उगाच खोटं सांगू नको, माले बठ्ठं माहीत शे. लग्नातच तिला त्या बारीक मिशा दिसल्या होत्या. नव्या नवरीनं बोलायचं कसं, म्हणून गप्प राहिली. पुढे मी बोट लावून आई म्हणायला लागलो. हा मोठा झाला की विचारेल, माझ्या आईला मिशा का, या धाकानं ती दर सोमवारी चिंच लावून अंगठ्यानं तेवढीच जागा घासत राहिली. मागची बाजू घासायची राहिली बघ, असं म्हणून हसली आणि तिला खोकला लागला.

फोटो निघाला नाही. फोटोवाल्या चिंधाला मी सांगून ठेवलं होतं. दसऱ्याला नवं लुगडं नेसून काढू, असं माय म्हणाली आणि मीही जोर केला नाही. पुस्तकातले राजे मला दोन्ही बाजूंनी ओळखता येतात. मायचा एक फोटो मात्र माझ्या हातून झाला नाही.

नाणं माझ्याकडे आहे. कडी लावलेलं, घासलेलं, तुमच्या हिशेबात न धरण्यासारखं. ओठांवरच्या त्या गुळगुळीत जागेवर अंगठा ठेवून बसतो.

यंदा ओवाळायला कोणी नाही, तरी भाऊबीजेला या. मायचा चेहरा कसा होता ते थोडं तुम्ही सांगा, थोडं मी सांगतो. विसरायच्या आत लिहून काढू.

मायेचे आता तुम्हीच उरलात.

आपला,
कौतिक