हार्कबाईच्या फळ्या

प्रिय अरुणा,

थोरल्या जावेचा आशीर्वाद. माझं अक्षर बघून हसू नकोस, चौथीत पाटी सुटली ती सुटलीच, नि तुझं तरी कुठं मोत्यासारखं आहे. घरात फोन असताना ही कागद का खरडतेय म्हणशील. इथं फोन टेबलावर मधोमध ठेवून सगळ्यांनी मिळून बोलायचं असतं. तू तिकडून कधी येताय जाऊबाई म्हणून ओरडतेस, सूनबाईचा, यामिनीचा, वरण ढवळणारा हात थांबतो, नि माझा देवेश माझ्या आधी उत्तर देतो. म्हणून हा कागद कृतिकाच्या हाती देतेय, ती तिकडं पोचली की पोस्टात टाकेल. आमच्या बेसमेंटात पलीकडच्या खोलीत भाड्यानं राहणारी नाशिकची पोरगी. तिचं परमिट संपलं, पुढचं मिळालं नाही, मंगळवारी परत चालली. रडून डोळे सुजवलेत. जिला जायचं नाही तिला घालवतात नि जिला जायचंय तिला स्वेटर घालून बसवतात, असा इथला कारभार.

कारभारावरून आठवलं. गुंजनला सुट्टीत इथल्या म्युझियममध्ये काम मिळालंय. गाव लहानच, हॅमिल्टनच्या पलीकडचं. शंभरावर वर्षांमागं इथल्या नगरपालिकेच्या बैठकांत काय काय झालं ते हातानं लिहून ठेवलंय, ते कॉम्प्युटरवर टाइप करायचं. आजकालच्या पोरांना हाताचं अक्षर पटकन लागत नाही, म्हणून ती मोठ्यानं एकेक शब्द लावत बसते. बेसमेंट गार, म्हणून माझ्याच खाटेवर. काय गं म्हणाले, असं विचारलं की अर्धं इंग्लिश, अर्धं मोडकं मराठी करून सांगते. मला वाटायचं, गोऱ्यांची नगरपालिका म्हणजे काय असेल बाई! तर हेच. कुणाची गाय कुणाच्या वाफ्यात शिरली, चौकातला दिवा वाऱ्यानं विझतो, घोड्यांच्या हौदात कुणीतरी कपडे धुतले. एक जण ठराव मांडतो, दुसरा मान डोलावतो, मग सगळे घरी जेवायला. आमचे हे बार्शीच्या नगरपालिकेत शिपाई होते, रोज घरी येऊन हेच सांगायचे. तिथं निदान चहा तरी व्हायचा.

त्यात एक विधवा निघाली, मिसेस हार्कनेस. मी तिला हार्कबाई म्हणते. घर गावाच्या टोकाला. दारापासून रस्त्यापर्यंत लाकडाच्या फळ्या टाकून द्या, चिखलात पाय रुततात, चर्चला जाता येत नाही, एवढंच तिचं मागणं. समिती जाऊन बघेल म्हणाले. समिती गेली तेव्हा बर्फ पडलेलं, चिखल दिसलाच नाही. विषय तहकूब. बर्फ वितळल्यावर चिखल एवढा, की समितीलाच तिच्या दारापर्यंत जाता येईना. तहकूब. उन्हाळ्यात गेले तर जमीन खडखडीत, म्हणे फळ्या हव्यात कशाला? तहकूब. मी हसून हसून खोकले. गुंजन म्हणाली, आजी, दॅट्स नॉट फनी. तिला काय कळतंय.

कारण आमच्याकडंही दर रविवारी बैठक भरते. दुपारी सगळे एकत्र जेवतात, तेव्हा मी विचारते, बार्शीला कधी नेतोस. देवेश वाईट नाही गं. रोज कामाला ओकव्हिलला गाडी हाकत जातो, येतो तेव्हा तोंड उतरलेलं. नाही असं तो कधीच म्हणाला नाही, तीच तर पंचाईत. म्हणतो, थंडीत तुझे गुडघे आखडतात. बर्फ गेलं की ऑफिसात काम फार. इथं उन्हाळा लागला की तिकडं पाऊस नि डास. एकटी जाते म्हटलं तर विमानतळावर व्हीलचेअरवर एकटी कशी सोडू. बघू ना आई, दिवाळीला नक्की. कुठली दिवाळी ते सांगत नाही.

तर मी काय केलं, देवाला लावतात तसा त्या नगरपालिकेला कौल लावला. हार्कबाईला फळ्या मिळाल्या तर मलाही जायला मिळेल, असं मनाशी धरलं. रोज गुंजनच्या मागं लागायचे, आज माझ्या बाईचं काय झालं. मेलेल्या माणसांच्या तोंडाकडं बघत बसले, याहून अक्कल कुठं गहाण टाकायची असते?

मागच्या आठवड्यात गुंजननं शेवटचं पान टाइप केलं. विचारलं, टाकल्या का फळ्या? ती मागंपुढं शोधत राहिली. मग म्हणाली, नो आजी. मग मेली का बाई? तसंही लिहिलेलं नाही. शी जस्ट स्टॉप्स आस्किंग. एवढं इंग्लिश मला कळतं. तिनं मागायचं सोडलं, नि बैठका पुढं चालूच. गाय, दिवा, हौद. ती बाई हल्ली का येत नाही, असं एकानंही विचारलेलं नाही.

परवाच्या रविवारी जेवायला बसलो. भात वाढून झाला तसा देवेश माझ्याकडं बघायला लागला. या खेपेचं कारण त्याच्या ओठावर आलेलं दिसत होतं. मी म्हटलं, लिंबाची फोड दे. त्यानं दिली. जरा वाट बघितली. मग त्याचे खांदे सैल झाले, नि त्यानं मागून भात घेतला. किती दिवसांनी पोटभर जेवला माझा पोरगा.

तर अरुणा, कागद लिहायचं कारण एवढंच. माझ्या खोलीचं कुलूप काढ. तू दर अमावास्येला उघडून झाडतेस, माझी पांघरुणं उन्हात घालतेस, ते आता बंद. तुझ्या राजनच्या पोरीला शिलाई मशीनला जागा हवी, हे फोनवर दोनदा तोंडापर्यंत आणलंस नि गिळलंस, मी काय बहिरी आहे? मांड तिथं. खिडकीशी मांड, उजेड चांगला येतो. ह्यांचा फोटो तुझ्या घरात ने. पातळं बोहारणीला दे, नि तिनं पिटुकलं पातेलं पुढं केलं तर उठून ये. आणि फोनवर आता कधी येताय म्हणून विचारायचं नाही. हवा विचार, भाजी काय केली ते विचार. तू विचारलंस की देवेश दिवाळी म्हणतो, नि मला मेलीला ते पुन्हा खरं वाटतं.

तुझीच,
प्रभा