फुलाच्या नावाला मासेच

ती. पारास्किवा वन्संना फ्लोआर्याचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? माझे दोन्ही जागेवर आहेत, याहून जास्त सांगवत नाही.

रविवारी नातीचा बाप्तिस्मा. पाद्रीबाबा नाव विचारतील आणि धर्ममाता म्हणून ते तुम्ही सांगायचं, म्हणून हे पत्र. सुनेनं, आपल्या क्रीनानं, नाव काढलंय लक्रमिवारा. सोरिन म्हणाला, आई, तू एवढी पुस्तकं वाचतेस, अर्थ शोधून दे. शोधला. रानातलं पांढरं, घंटीसारखं फूल. मुळात ‘आसू’ या अर्थाचा शब्द, थेट लॅटिनमधून आलेला. मरियामातेच्या आसवांतून ते उगवलं म्हणतात. सोरिनला फूल आवडलं, आसू त्यानं ऐकलाच नाही. (बापाचंही असंच होतं.) मला आसवांचं काही नाही. तुमच्या नावाचा अर्थ ग्रीकमध्ये शुक्रवार, तुमचं काही अडलं का?

माझी तक्रार जेवणाची. ज्या संताचं नाव, त्याच्या दिवशी आपला नावदिवस; फुलाच्या नावाला संत नाही, म्हणून तो ईस्टरच्या आधीच्या, फुलांच्या रविवारी, भर उपवासात. मासे तेवढे चालतात. माझ्या नावाचा अर्थ फूल, क्रीनाच्या नावाचा लिली. पाहुणे न बोलावता येतात, माझे मासे खातात आणि डुकराची आठवण काढत घरी जातात. सदतीस वर्षं खवले काढतेय. आता तिसरं फूल. हे क्रीनाला समजावलं, तर ती म्हणाली, मासे मी साफ करीन. इतक्या चांगल्या सुनेशी भांडायचं तरी कसं? थकायला होतं.

तुमची,
फ्लोआर्या

ता.क. माशांचं सोडा. नाव विचारलं की आधी ‘गाव्रिला’ म्हणा, मग सोरिन-क्रीनाचं लक्रमिवारा. अर्थ ‘देव माझं बळ’. पण अर्थासाठी नव्हे. आठ नोव्हेंबरला, तुमच्या भावाच्या, गाव्रिलच्या नावदिवशी, अंगण भरायचं. हे गेल्यापासून तीन वर्षं त्या दिवशी फाटक कुणी वाजवत नाही. (येऊन शुभेच्छा तरी कुणाला देणार?)

पुन्हा ता.क. पाकीट चिकटवायला दिलं, तर क्रीनानं पत्र वाचलं. रागावली. “हे आधी सांगायला काय झालं होतं, आई? आठ तारखेला किती माणसं धरू?”

मी चाळीस म्हटलं.

“बाबांची माणसं साठाच्या खाली कधी आली होती?”

तेव्हा वन्सं, नाव जरा मोठ्यानं सांगा. मी मागच्या रांगेत उभी असेन.