गाडीचा बसलेला आवाज

१ फेब्रुवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. तांत्रिक स्वरूपाची. भावनांना थारा नाही.

निदान: माझ्या मोटारसायकलचा आवाज बसला आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत खणखणीत होता. आता किक मारल्यावर इंजिन चालू झालं की नाही ते टाकीवर हात ठेवून बघावं लागतं. एकूणच सगळ्या गोष्टींचा दर्जा घसरतोय. टीव्हीवर बातम्या देणारे पुटपुटतात. ऑफिसात साहेब ओठातल्या ओठात बोलतात. आमच्या दाराची बेल वाजत नाही. वायरमन दोनदा येऊन बेल ठीक आहे म्हणून गेला, त्याचाही दर्जा घसरलाय. गाडीच्या इंडिकेटरचा बझर आपोआप बंद पडला, तेवढं एक बरं झालं. टुक टुक करून डोकं उठवायचा.

मुख्य मुद्दा. एक मार्चला आमच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. नवीन लग्न झालं तेव्हा याच गाडीवर बायकोला मागे बसवून धरणावर न्यायचो. ही जाताना बोलायची, तिथे बसून बोलायची, येताना उरलेलं बोलायची. हल्ली मागे बसते आणि गप्प. यावर मी विचार केला. गाडीच गप्प झाली तर मागच्या माणसाला काय स्फुरण चढणार? गाडीचा आवाज आला की हिचाही येईल. तो मला परत हवा आहे. ही भावना नसून उद्दिष्ट आहे.

संकल्प: नवा सायलेन्सर. स्वतः बसवणार. ट्यूनिंगही स्वतः. माझा कान तयार आहे.

३ फेब्रुवारी
संकल्प हिच्या कानावर घातला. ही इस्त्री करता करता थांबली, माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, काम दाखवून द्या. परत एकदा तेच, सावकाश, एकेक शब्द तोडून. काम, दाखवून, द्या. पंचवीस वर्षांत माझ्यावर इतका विश्वास कोणी टाकला नव्हता. शर्टावर डाग पडला इस्त्रीचा, पण मी काही बोललो नाही.

५ फेब्रुवारी
नाक्यावरच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडी चालू करून ऐकली आणि आवाजात काही दोष नाही असं म्हणाला, निदान चेहऱ्यावरून तरी तसंच वाटलं. त्याचा कान तयार नाही. त्याचा दोष नाही, दिवसभर ठोकाठोक.

सायलेन्सर मात्र झकास दिला. चकचकीत स्टीलचा, तोंड चांगलं पातेल्याएवढं. आत एक भोकाभोकांची जाळी आहे, ती आवाज दाबून धरते. मिस्त्रीने ती जाळी मला दाखवली, माझ्या नाकासमोर बोट नाचवलं आणि म्हणाला, ही काढून टाका. तीनदा बजावलं. पठ्ठ्या कामाचा आहे.

८ फेब्रुवारी, रविवार
बसवला.

सकाळी नऊला सुरुवात. अर्ध्या तासाचं काम आहे. जुन्या सायलेन्सरचा नट हलेना. पाना लावला, हातोडी मारली, गरम पाणी ओतलं, शिव्या दिल्या. शिव्यांनी हलला. दुपारचं जेवण उभ्याने. चारला काम फत्ते. एक नट आणि एक वॉशर उरला, कंपनीने जास्तीचा दिला असणार. जाळी काढून टेबलावर ठेवली आहे, पेनं छान राहतात. जुना सायलेन्सर पलंगाखाली.

पहिली किक. अपेक्षेपेक्षा मंद, पण गोड. जुन्या ओळखीचा माणूस लांबून हाक मारतोय असा. समोरच्या इमारतीच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या. खालच्या मजल्यावरचे काका, जे आमच्या इमारतीचे सेक्रेटरीही आहेत, बनियनवरच धावत बाहेर आले आणि दोन्ही हात कानांना लावून उभे राहिले. जुन्या पिढीला चांगल्या गोष्टीची किती कदर असते. मीही वाकून नमस्कार केला.

१० फेब्रुवारी
गाडी सोडली की मागून फट फट असं काहीतरी जाणवतं. ऐकू येण्यापेक्षा बुडाला जास्त कळतं. सायलेन्सरचा पुढचा पाइप निळा पडलाय. रंग सुंदर आहे, पण खात्री करावी म्हणून मिस्त्रीकडे गेलो. त्याने स्पार्क प्लग काढून दाखवला. पांढराशुभ्र. माझी निगाच तशी आहे.

मिस्त्री म्हणाला, गाडी लीन झालीय.

मला भरून आलं. इतकी वर्षं हीच गाडी. थंडीत अडून बसणारी, चढावर रुसणारी. ती अखेर मालकापुढे लीन झाली. आणि गॅरेजातला माणूस केवढा नेमका शब्द वापरतो. पुढे म्हणाला, पेट्रोल वाढवायला लागेल. उठलो तो थेट पंपावर. टाकी काठोकाठ भरली.

फट फट कमी झाली नाही. बहुधा मुरायला वेळ लागेल.

१३ फेब्रुवारी
प्रतिसाद उत्तम. रस्त्यात समोरून येणारे लोक माझ्याकडे बघून हात वर करतात आणि पाची बोटं उघडझाप करतात. गाडीवाल्यांची आपसातली खूण असणार. मीही उलट तशीच करतो. आज एका म्हाताऱ्या बाईनेसुद्धा केली.

ऑफिसात साहेबांनी बोलावलं. गाडीबद्दलच विषय काढला. चेहरा लाल झाला होता, आवाज नेहमीसारखा खोल गेलेला. म्हणाले, उद्यापासून ती गाडी माझ्या खिडकीखाली लावून टाका. इतक्या वरच्या माणसाला माझ्या गाडीचा आवाज जवळून ऐकावासा वाटतो. घरी येऊन हिला सांगितलं. हिने कपाळावर हात मारला आणि परत तेच म्हणाली, काम दाखवून द्या.

१६ फेब्रुवारी
साहेबांकडून लेखी आदेश आला: सदर वाहन खिडकीखाली लावू नका. टायपिस्टची चूक. 'लावून टाका'च्या जागी 'लावू नका' टाइप झालंय. अर्थाचा अनर्थ होतो हो अशाने. लाल पेनाने दुरुस्त करून साहेबांच्या टेबलावर ठेवला.

१८ फेब्रुवारी
इमारतीची मीटिंग. विषय: ध्वनी. विशेष निमंत्रित: मी. सगळे एकदम बोलत होते, म्हणजे पुटपुटतच होते. शेवटी मी उभा राहिलो. काकांनी माझ्याकडे हात करून सांगितलं, तुम्ही आता बोलून टाका. मी बोलून टाकलं. सायलेन्सरचा इतिहास, जाळीचे तोटे, तयार कान कसा घडतो. बराच वेळ बोललो. काका मध्ये तीन-चारदा उठून परत परत म्हणाले, बोलून टाका, बोलून टाका. इतकं प्रोत्साहन देणारा सेक्रेटरी मी पाहिला नाही. बाकीचे एकेक करून निघून गेले, भारावल्यावर माणसाला एकांत लागतो.

ही मात्र पूर्ण वेळ पदर डोळ्यांना लावून बसली होती. मागाहून विचारणार होतो, राहिलं.

२१ फेब्रुवारी
आज ट्यूनिंग. कार्ब्युरेटरला एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की हवा आणि पेट्रोलचं प्रमाण बदलतं. इतर लोक मीटर लावतात. मी कान लावला. सायलेन्सरच्या तोंडाला. पाव वळसा, ऐकलं. अर्धा वळसा, ऐकलं. पूर्ण दोन वळसे दिल्यावर कुठे सूर लागला, आणि पाइपने कान भाजला.

काळा धूर आला थोडा. काकांच्या दोरीवरच्या चादरी पांढऱ्या होत्या त्या करड्या झाल्या. काकांनी चादरींकडे बघून काहीतरी दीर्घ सांगितलं. मी म्हटलं, आभारी आहे.

मिस्त्रीने पुन्हा प्लग काढला. कोळसा. मान हलवून म्हणाला, आता फारच रिच झालीय. म्हणजे आधी लीन, आता श्रीमंत. दहा-अकरा दिवसांत ही प्रगती.

२६ फेब्रुवारी
हिला सांगितलं, रविवारी धरणावर जायचं, लग्नाच्या वाढदिवसाला. हिने आधी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीतून खाली गाडीकडे. मग हो म्हणाली. हो मला नीट ऐकू आलं, कारण मान हलवली. अट एकच, म्हणाली, आल्यावर काम दाखवून द्या. हे तिने माझा हात हातात घेऊन सांगितलं. मला वाटलं, ही अजून माझ्याकडून किती अपेक्षा करते. पण भावनांना थारा नाही, असं पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

१ मार्च, रविवार, सकाळी ७
सर्व सिद्धता. गाडी पुसली. उरलेला नट खिशात ठेवला, शुभ असतो. हिने निळी साडी नेसली आहे आणि दोन्ही कानांत कापूस घातलाय. वारा लागू नये म्हणून. आज ही बोलणार.

१ मार्च, संध्याकाळ
जे घडलं ते लिहितो.

गावाबाहेरच्या पंपावर थांबलो. गाडी रिच झाल्यापासून पेट्रोल फार पिते. ही उतरली, पाण्याच्या नळाकडे गेली आणि जाता जाता वळून म्हणाली, जाऊ या का. मी म्हटलं, हो, जाऊ या. किक मारली आणि निघालो.

पुढचा सगळा रस्ता मी बोललो. आधी मी ठरवलं होतं की ऐकायचं. पण ही गप्प होती आणि मला राहवेना. म्हटलं, तू बोलायची थांबलीस तेव्हापासून घर मोठं वाटायला लागलंय. म्हटलं, हा सगळा खटाटोप गाडीसाठी नाही, तू परत बोलावंस म्हणून आहे. लग्नाआधी तुला बघायला आलो तेव्हा तू एकच वाक्य बोलली होतीस आणि ते मला अजून पाठ आहे, तेही सांगितलं. असं मी कधीच बोललो नव्हतो. ही मध्ये एकदाही तोडून बोलली नाही. मला वाटलं, रडत असेल.

धरणावर गाडी लावली. वळलो. मागे कोणी नव्हतं.

काय काय मनात आलं ते लिहीत नाही. परतीच्या रस्त्याने प्रत्येक वळणावर, प्रत्येक खड्ड्यात बघत आलो. ही पंपावरच होती. पेट्रोल भरणाऱ्याने खुर्ची दिली होती, त्यावर बसून ती वाट बघत होती. मी म्हटलं, तूच तर जाऊ या का म्हणालीस. ती उठली. माझा कान धरला, खरोखरच धरला, सगळ्यांसमोर, आणि त्यात तोंड घालून ओरडली की जाऊ नका म्हणाले होते. मग श्वास घेऊन परत ओरडली, कान दाखवून घ्या.

कान. काम नव्हे. घ्या. द्या नव्हे.

पेट्रोल भरणाऱ्याने मान खाली घातली.

३ मार्च
कानाचे डॉक्टर. काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी आयुष्यात कोरा पेपर दिलेला नाही. ठेका धरून दाबत गेलो. डॉक्टरांनी दार उघडून सांगितलं, अजून सुरू केलेलं नाही.

निकाल: दोन्ही कान, बरंच गेलंय, दोन वर्षं तरी झाली असावीत. कानामागे लावायचं मशीन मिळणार. हे वयोमानाने होतं असं डॉक्टर म्हणाले. मला वाटतं, सायलेन्सरला कान लावल्याने झालं असणार. ही म्हणाली, सायलेन्सर तीन आठवड्यांपूर्वी आला. हिशोब जुळत नाही हे मान्य.

११ मार्च
मशीन लावलं. घरी आलो, दाराची बेल वाजवून बघितली. वाजते. वाजते कसली, किंचाळते. वायरमनची मनातल्या मनात क्षमा मागितली. खाली जाऊन गाडीला किक मारली.

लगेच बंद केली.

काका गॅलरीत होते. त्यांच्याकडे बघून दोन्ही हात कानांना लावले. या खुणेचा अर्थ मला आता कळला.

१२ मार्च
पलंगाखालचा जुना सायलेन्सर मिस्त्रीकडे नेला. त्याने तो बसवला, स्क्रू जागेवर आणला. तो म्हणाला, जाळी काढू नका असंच तर तीनदा सांगितलं होतं. लीनचा खरा अर्थही सांगितला. पेट्रोल कमी, हवा जास्त. नम्रतेशी काही संबंध नाही. मग गाडी चालू केली. जुना, ओळखीचा, खणखणीत आवाज. बसला कधी नव्हताच. खिशातला नटही त्याने योग्य जागी लावला.

साहेबांना माफीचा अर्ज दिला. ते काहीतरी म्हणाले. स्पष्ट ऐकू आलं, इथे लिहिण्यासारखं नाही.

१५ मार्च, रविवार
पुन्हा धरण. पंपावर थांबलो नाही, टाकी आधीच भरली होती. तरी हिने माझ्या शर्टाचं टोक पूर्ण वेळ धरून ठेवलं.

मशीन सदोष निघालं. निघाल्यापासून त्यातून टुक टुक असा आवाज. उद्या डॉक्टरांना फैलावर घेणार.

अर्ध्या रस्त्यात ही मागून म्हणाली, त्या दिवशी रिकाम्या सीटला काय सांगितलंत ते सांगा. स्पष्ट ऐकू आलं. मी सांगायला सुरुवात केली. घर मोठं वाटतं इथपर्यंत आलो तेवढ्यात ही खांद्यावर थोपटून काहीतरी बोलली, ते वाऱ्यात गेलं. मला काय ऐकायला आवडेल ते डोक्यात लगेच तयार झालं. पण गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, वळलो आणि विचारलं, काय म्हणालीस?

ही माझ्याकडे बघतच राहिली. दोन वर्षांत आज पहिल्यांदा विचारलंत, म्हणाली. मग म्हणाली, तुमचा डावा इंडिकेटर चालू आहे. घरापासून. दोन वर्षं मी हेच सांगत होते, शेवटी सांगायचं सोडून दिलं.

बंद केला. टुक टुक थांबली. पाच बोटांची उघडझापही एकदम ध्यानात आली.

मग धरणाच्या भिंतीवर बसून सगळं पहिल्यापासून सांगितलं. आसपासचे लोक वळून बघायला लागले. ही डोळे पुसत म्हणाली, एवढं ओरडू नका. नकाच म्हणाली, टाका नाही. परत विचारून खात्री करून घेतली.